बँटरची लेखी चौकशी

माणसाने कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. खुर्चीत बसावं, पाणी प्यावं, विचार करावा, मग बोलावं. पण त्या दिवशी मी एका हातात सँडविचचा डबा आणि दुसऱ्या हातात ऑपरेशन थिएटरची टोपी घेऊन घाईत चाललो होतो. समोरून आमच्या डिपार्टमेंटची प्रमुख फिओना आली. म्हणाली, "जयंत, तुझ्या लीव्हिंग डूला कॉलिन भाषण करणार आहे. यू डोन्ट माइंड अ बिट ऑफ बँटर, डू यू?"

मी म्हणालो, "ऑफ कोर्स नॉट!"

ती निघून गेली. मी लिफ्टपाशी पोचेपर्यंत मला घाम फुटला होता.

कॉलिन म्हणजे आमचा सर्जन, आणि लीव्हिंग डू म्हणजे निरोप समारंभ. पण आपल्याकडच्या निरोप समारंभाशी त्याचं नातं फक्त खुर्च्या मांडण्यापुरतं. आपल्याकडे कसं असतं? शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. वक्ते म्हणतात, 'सरांविषयी मी पामर काय बोलणार,' आणि मग पाऊण तास बोलतात. सत्कारमूर्ती मान खाली घालून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून बसतात आणि एक शब्दही सोडत नाहीत. इंग्लंडमध्ये निघालेल्या माणसाच्या हातात ग्लास देऊन त्याला मधोमध उभं करतात आणि सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने करतात. माणूस जितका लाडका, तितकी जास्त. आमच्या एका सिस्टरने एकदा पेशंटला भेटायला आलेल्या त्याच्या भावालाच गाऊन घालून ट्रॉलीवर झोपवलं होतं. तिच्या निरोपाला ही गोष्ट तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा सांगितली, आणि ती बाई डोळे पुसत पुसत हसत होती.

मी भूलतज्ज्ञ आहे. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात माझी उभी हयात गेली, आणि आता मी निवृत्त होत होतो. आमच्या धंद्यात नाव होत नाही. पेशंट बरा झाला की सर्जनला चॉकलेटं देतो. भूल देणाऱ्याची आठवण कोणाला यायची तर काहीतरी बिघडावं लागतं. तेव्हा नावलौकिक नाही तर नाही, निदान जाताना अब्रू तरी शाबूत राहावी एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

घरी येऊन मी मंजिरीला सगळं सांगितलं. मंजिरी माझी बायको. ती कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते, आणि शांततेचा तिला इतका सराव आहे की ती घरीसुद्धा माझं बोलणं शांतपणे न ऐकता बसू शकते.

"हसतील थोडं. त्यात काय?" ती म्हणाली.

"पण कशाला हसतील? माझ्यात हसण्यासारखं आहे काय?"

मंजिरीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती कुकर बघायला गेली. कुकरची शिट्टी झालेली नव्हती. तिने उत्तर दिलं नाही, हे मी त्या वेळी चांगलं लक्षण समजलो.

माझा स्वभाव असा, की शब्दाचं मूळ कळल्याशिवाय मला तो शब्द पचत नाही. बँटर म्हणजे नक्की काय? मी मराठीत आणून बघायला लागलो आणि जास्तच गोंधळलो. आपल्याकडे या खात्याची विभागणी किती चोख आहे बघा. थट्टा असते ती जावयाची, आणि ती त्याच्या तोंडावर, जेवायला वाढताना. टिंगल शेजाऱ्याची. टवाळी जो हजर नाही त्याची. टोमणा मारायला नातं लागतं. परक्याला टोमणा मारता येत नाही, तो त्याला कळतच नाही. फिरकी घेतात ती शहाण्याची आणि खिल्ली उडवतात ती पुढाऱ्याची. कुचेष्टेत विष असतं, मस्करीत नसतं, पण मस्करीची कुस्करी केव्हा होईल ते मस्करी करणाऱ्यालाही माहीत नसतं. मग बँटर यातली कुठली? फिओनाने हे स्पष्ट केलं नव्हतं, आणि मी कुठल्या जातीच्या चेष्टेला संमती देऊन बसलो होतो याचा मला पत्ता नव्हता. आमच्यात साधा दात काढायचा तरी संमतीपत्रावर धोके लिहून देतात!

शनिवारी मी मंजिरीच्या लायब्ररीत जाऊन मोठ्यातला मोठा शब्दकोश काढला. तीन खंड चाळून झाले, चष्मा दोनदा पुसून झाला, आणि शेवटी तिथे काय लिहिलेलं असावं? उगम अज्ञात. सतराव्या शतकात हा शब्द लंडनच्या रस्त्यावर कुठूनसा उगवला, तिथल्या शिष्ट मंडळींनी गुंडापुंडांची भाषा म्हणून नाक मुरडलं, आणि तरीही तो मुक्काम ठोकून राहिला. आई कोण, बाप कोण, गाव कुठलं, काही पत्ता नाही. असल्या शब्दाच्या हातात मी माझा निरोप समारंभ देणार होतो. मला फारच अस्वस्थ वाटलं.

"उगम अज्ञात कसा असेल?" असं पद्माकरकाका म्हणाले. पद्माकरकाका म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. साठच्या दशकात डॉक्टर म्हणून इथे आले, आता नव्वदीला टेकलेत, आणि इंग्रजीतला प्रत्येक शब्द संस्कृतातून चोरलेला आहे यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. "अरे, बाण! बाण मारणे. बाणतर, बँटर. सरळ आहे. आणि मी काय सांगतो ऐक जयंता, या देशात तोंडी बोललेल्याला काडीची किंमत नाही. जे काय विचारायचं ते लेखी विचार. मी पन्नास वर्षं सगळं लेखी विचारत आलो, माझ्या वाटेला कोणी गेलं नाही."

काकांच्या वाटेला कोणी गेलं नाही हे अगदी खरं होतं. त्यातला अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

मेडनहेडहून शाल्मलीचा फोन आला. शाल्मली आमची मुलगी. जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलंच. "बाबा, तू किती सिरियसली घेते! बँटर म्हणजे दे लाइक यू. माझी बॉस मला रोज बँटर करतो. ज्या दिवशी नाही करत ना, मग मला टेन्शन येतो."

"पण मी त्यावर काय करायचं?"

"काही नाही. हसायचा. आणि मग परत एक मारायचा."

परत एक मारायचा! हे म्हणजे अचानक व्यासपीठावर तबला वाजवायला सांगितल्यासारखं झालं. माझ्या डोक्यात चोख उत्तरं येतात, नाही असं नाही, पण ती साधारण दुसऱ्या दिवशी दाढी करताना येतात.

तेव्हा सराव करणं भाग होतं. दोन घरं सोडून राहणारा हरीश माझा जुना मित्र. तो दातांचा डॉक्टर आहे, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा स्थितीत बोलण्याचा त्याला आयुष्यभराचा अनुभव. तो म्हणाला, "काळजी करू नकोस, प्रॅक्टिस सेशन घेऊ. मी आणि अनुराधा जेवायला येतो, मी तुला बँटर करतो, तू मला कर. अगदी कंट्रोल्ड कंडिशन्समध्ये."

आले. अनुराधा येताना मोठा स्टीलचा डबा भरून अळूवड्या घेऊन आली. जेवण झालं, आणि हरीशने खुर्ची मागे सरकवून सुरुवात केली. माझं गाडी चालवणं, कार्डिफच्या संमेलनाला जाताना मी रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवशी घातलेला वाद, माझा तपकिरी स्वेटर. मी शाल्मलीने सांगितल्याप्रमाणे हसत होतो. गाल दुखायला लागले. मग माझी पाळी आली. मी बराच विचार करून म्हणालो, "हरीश, तुझे केस इतके काळे आहेत की काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत तुझ्याशेजारी ठेवलेली कुंडीतली तुळस सावलीत येते."

मला वाटतं, विनोद म्हणून हे वाईट नव्हतं. पण हरीश केस रंगवतो हे कॉव्हेंट्रीतल्या सगळ्यांना माहीत असलं तरी, ते आपल्याला माहीत आहे हे त्याला सांगायची पद्धत नव्हती. हरीश उठला. "चल अनु," म्हणाला. अनुराधाने जाताना माझ्या पाठीवर थोपटलं, त्यावरून हा विनोद तिला आवडला असावा. पण डबा राहिला. आता आपल्यात डबा रिकामा परत करता येत नाही, आणि भरून न्यायचा तर भांडण टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मंजिरीने नारळाच्या वड्या करून माझ्या हातात डबा दिला, मी हरीशकडे गेलो, त्याने दार उघडलं, डबा उघडला, आणि "आत ये" म्हणाला. आमच्या पिढीतल्या अर्ध्या मैत्र्या स्टीलच्या डब्यांनी टिकवल्या आहेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण यातून एवढं कळलं, की सरावाने हे जमणार नाही. उरला काकांचा मार्ग. मी रविवारची अख्खी दुपार बसून आमच्या हॉस्पिटलच्या एचआरला ईमेल लिहिली. एचआरचं नाव आता 'पीपल अँड कल्चर' असं झालं आहे. ईमेल इंग्रजीत होती, पण तिचा थाट आपल्याकडच्या तहसील कचेरीचा होता: 'माझ्या आगामी निरोप समारंभात माझ्यासंबंधाने बँटर करण्यात येणार असल्याचे मला तोंडी कळविण्यात आले आहे. तरी बँटर या शब्दाची आपल्या संस्थेस अभिप्रेत असलेली व्याख्या, तिचा उगम व व्याप्ती कृपया लेखी कळवावी, ही विनंती.' वाचून मलाच बरं वाटलं. इतकं मुद्देसूद हल्ली कोण लिहितं?

सोमवारी सकाळी उत्तर आलं. 'डिअर जयंत, पुढे येण्याचं धैर्य दाखवल्याबद्दल मनापासून आभार. तू एकटा नाहीस.'

मी हे वाक्य बराच वेळ वाचत होतो.

मंगळवारी मला भेटायला बोलावलं. जेमा नावाची अतिशय गोड मुलगी होती. खोलीत दोन मऊ खुर्च्या, एक झाड आणि टिश्यूचा खोका. तिने तो खोका हळूच माझ्या बाजूला सरकवला. म्हणाली, "इथे तू मोकळेपणाने बोलू शकतोस."

मी म्हणालो, "मला फक्त शब्दाचा अर्थ हवा होता."

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "अनेकांना जे घडलं त्याला नाव देता येत नाही."

"काही घडलेलंच नाही."

तिने मान हलवून काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला आयुष्य काढलं की तेवढं येतं. तिने लिहिलं होतं, 'बोलायला कचरतो.'

आता गैरसमज दूर करणं आवश्यक होतं. मी आवाज चढवून म्हणालो, "हे बघ, आमच्या थिएटरमधले लोक फार चांगले आहेत. ते एकमेकांची सारखी चेष्टा करतात. कॉलिनच्या गोल्फची करतात, फिओनाच्या वेल्श गाण्यांची करतात, ट्रॉली ढकलणाऱ्या पोर्टरच्या दाढीची करतात. पण माझी इतक्या वर्षांत कोणीही कधी एकदासुद्धा चेष्टा केलेली नाही!"

जेमाचं पेन थांबलं. तिने फार मायेने विचारलं, "आणि त्याचं तुला काय वाटतं?"

मी काय बोललो ते मला तेव्हा ऐकू आलं. हे खरंच होतं, आणि ते माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. कॉफी रूममध्ये हशा चाललेला असे, मी आत गेलो की सगळे 'मॉर्निंग, डॉक्टर' म्हणत आणि हशा जरा खाली बसत असे. मी त्याला इतकी वर्षं आदर समजत होतो. शाल्मलीचं टेन्शनचं वाक्य आठवलं. इतके दिवस मला भीती होती की हे लोक माझी चेष्टा करतील. आता वाटायला लागलं, यांच्याकडे माझी चेष्टा करण्यासारखं काही नसलं तर? कॉलिन उभा राहील, दोन मिनिटं शोधेल, आणि 'गुड लक' म्हणून खाली बसेल. मी टिश्यू घेतला. फक्त चष्मा पुसायला घेतला होता, पण जेमाने तेही लिहून घेतलं.

पुढे जे झालं ते सरकारी यंत्रणा एकदा हलली की कशी हलते याचा नमुना होता. आठवड्याच्या आत थिएटरमधल्या झाडून सगळ्यांना ऑनलाइन ट्रेनिंग लागलं. सर्जन, सिस्टर, पोर्टर, सफाईवाले, कोणी सुटलं नाही. चेष्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो यावर चित्रं दाखवून प्रश्न विचारायचे, आणि चूक झाली तर पहिल्यापासून. कॉलिन तिसऱ्या प्रयत्नात पास झाला असं कानावर आलं. निरोपाची भाषणं आधी जेमाला दाखवून घ्यायची असं ठरलं. कॉलिनने म्हणे माझ्यावर स्लाइड्स तयार केल्या होत्या. त्या रद्द झाल्या.

नाव कोणी घेतलं नाही, पण ईमेल कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं. मी कॉफी रूममध्ये शिरलो की इतकी शांतता पसरे, की मला वाटे आपण चुकून सगळ्यांना भूल दिली की काय. पोर्टर माझ्यासाठी दार धरून उभा राहायला लागला. कॉलिनने एकदा मला 'सर' म्हटलं. आम्ही दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना इतकी वर्षं उभे राहिलेले, आणि हा मला सर म्हणतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी जेमाला लिहिलं की तक्रार मागे घेतो. तिचं उत्तर आलं की तक्रार नोंदवलेलीच नाही, त्यामुळे ती मागे घेता येत नाही. मी विचारलं, मग हे निर्बंध कशासाठी? तर ते खबरदारी म्हणून, तक्रार नोंदवली जाईपर्यंत. मी विचारलं, मग आधी नोंदवून नंतर मागे घेऊ का? त्यावर तिने मला समुपदेशकाचा फोन नंबर पाठवला.

"तू त्यांना जाऊन सरळ सांग ना," मंजिरी म्हणाली.

"काय सांगू? कृपया माझी चेष्टा करा म्हणून?"

"हो."

"मंजिरी, असं मागून मिळत नसतं ते."

 ती या वेळी कुकरकडे गेली नाही. नुसती माझ्या शेजारी बसून राहिली.

समारंभ शुक्रवारी संध्याकाळी, एका क्रिकेट क्लबच्या हॉलमध्ये होता. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर लख्ख उजेड, लोक खूप आले होते, आणि एकूण वातावरण शोकसभेचं होतं. मागच्या रांगेत जेमा हातात कागद घेऊन बसली होती. फिओनाने मंजूर झालेलं भाषण वाचलं. डॉक्टर मिराशी, म्हणजे मी, वेळेवर येत. त्यांची कागदपत्रं पूर्ण असत. त्यांनी कधी पार्किंगच्या जागेवरून वाद घातला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुरळक आणि अदबीने. मग कॉलिन उठला. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली, जेमाकडे बघितलं, आणि म्हणाला, "जयंत हे एक अत्यंत सुरक्षित भूलतज्ज्ञ होते." आणि बसला.

होते! मी समोर ग्लास धरून उभा होतो आणि मला भूतकाळात टाकून मोकळे झाले. मला वाटलं होतं त्याहून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या लोकांच्या खांद्याला खांदा लावून काढली आणि जाताना माझ्या वाट्याला पार्किंगची जागा आली. आपल्याकडे अशा वेळी शाल तरी असते, तोंड लपवायला उपयोगी पडते.

तेवढ्यात मंजिरी उभी राहिली. कार्यक्रमात तिचं नाव नव्हतं.

"मी या हॉस्पिटलची नोकर नाही," ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "तेव्हा मला कुठल्या ट्रेनिंगला पाठवता येणार नाही."

मागच्या रांगेत जेमाने कागदावरून मान वर केली.

"जयंत मला पहिल्यांदा भेटला तेव्हा सारखा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, प्रेमात पडला. लग्नानंतर कळलं, तो माझा जबडा बघत होता. घरी जाऊन आईला म्हणाला होता, मुलगी चांगली आहे, घशात भुलीची नळी सहज जाईल."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"आमच्याकडे पाहुणे जेवायला आले की हा दारातच विचारतो, शेवटचं कधी खाल्लं? ते म्हणाले दुपारी, तर याचा चेहरा पडतो. बिचारे भुकेले लोक आत यायला घाबरतात. आमच्या मुलीच्या वेळी मी कळा देत होते आणि हा तिथल्या भूलतज्ज्ञाला सुया कशा धराव्यात ते सांगत होता. शेवटी त्या माणसाने मला विचारलं, नक्की कोणाला झोपवू? आणि आता या महिन्यात याला बँटर या शब्दाचा अर्थ हवा होता. साध्या माणसाने फोनवर बघितला असता. माझ्या नवऱ्याने त्यासाठी तुम्हा सगळ्यांना परीक्षेला बसवलं."

आता कोणी हसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फिओना, कॉलिन, पोर्टर, सगळे. मला हे लागलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि खरं सांगतो, लागलं. जबड्याची गोष्ट माझ्या आईने तिला सांगितली हे मला माहीत नव्हतं. पण लागलं त्याच जागी कुठेतरी मोकळंही वाटलं, आणि मला आतून हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग इतकं की ग्लास खाली ठेवावा लागला.

मी मागच्या रांगेकडे बघून म्हणालो, "जेमा, मला आता रीतसर तक्रार नोंदवायची आहे. या डिपार्टमेंटमध्ये इतकी वर्षं माझी चेष्टा झाली नाही. हा माझ्यावर अन्याय आहे, आणि तो आत्ता, इथे, सगळ्यांसमोर दूर झाला पाहिजे. कॉलिन, तुझ्या स्लाइड्स कुठे आहेत?"

जेमाने हातातल्या कागदाकडे बघितलं. मग कागदाची घडी केली, ती पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "मी जरा बारकडे जाऊन येते."

स्लाइड्स कॉलिनच्या लॅपटॉपमध्ये होत्या, आणि लॅपटॉप बाहेर गाडीत होता. रद्द झालेल्या स्लाइड्स घेऊन तो कशाला आला होता, हे मी विचारलं नाही. पडदा मिळेना तेव्हा भिंतीवरच सुरू केलं. पहिलं चित्र थिएटर तीनच्या थर्मोस्टॅटचं. मला थंडी बाधते म्हणून मी तो गुपचूप वाढवतो, आणि मी वळलो की कॉलिन तो गुपचूप कमी करतो, असं आमचं कित्येक वर्षं चाललेलं होतं. मला वाटे यंत्र बिघडलेलं आहे. त्या थिएटरला सगळे 'बीच' म्हणतात. "आज बीचवर कोण आहे?" हे मी हजारदा ऐकलं होतं आणि लोकांच्या सुट्ट्यांचं बोलणं चाललंय म्हणून सोडून दिलं होतं. मग माझ्या सँडविचच्या डब्याचे फोटो आले. औषध भरलेल्या सिरिंजला लावतात तसलं लेबल, त्यावर 'हिरवी चटणी', तारीख आणि माझी सही. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या चटण्यांचे, ओळीने. शेवटी कॉलिन म्हणाला, "लोकांना वाटतं जयंत औषध देऊन भूल देतो. खोटं आहे. तो पेशंटला एखाद्या शब्दाचा उगम सांगायला लागतो. औषध टोचेपर्यंत पेशंट झोपी गेलेला असतो. एकदा मीही गेलो होतो, हातात सुरी होती."

हॉल कोसळला. मीही कोसळलो. या शेवटच्या विनोदाने मला जरा कुरतडलं, खोटं कशाला बोलू, कारण पेशंट मी सांगितलेलं लक्षपूर्वक ऐकतात अशी माझी समजूत होती. पण ते डब्यांचे फोटो! इतकी वर्षं हे लोक माझ्या चटणीवर लक्ष ठेवून होते. कोणीतरी दर वेळी फ्रिज उघडून, हसून, फोटो काढून ठेवत होतं. मी कोणाच्या लक्षात नाही असं मला वाटत होतं, आणि माझा कोथिंबिरीपासून जवसापर्यंतचा सगळा इतिहास त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता. मला इतका आनंद कुठल्याही शालीने झाला नसता.

परतताना गाडी मंजिरी चालवत होती, कारण माझ्या हातात लोकांनी ग्लासावर ग्लास दिले होते. फोन वाजला. कॉलिनने मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपचं नाव 'बीच'. मी ज्या ग्रुपवर होतो तो ड्यूट्यांचा, हा दुसरा. थिएटरमधले सगळे यात होते, आणि ग्रुप कितीतरी वर्षांपूर्वीचा होता.

"बघ," मी म्हणालो, "निघालो त्या दिवशी आत घेतलं."

"मागे काय काय लिहिलंय?"

मी वर सरकवून बघितलं. काही नव्हतं. नव्या माणसाला मागचं दिसत नाही. इतक्या वर्षांची माझी चेष्टा तिथे पडून होती आणि मला त्यातलं अक्षरही वाचता येणार नव्हतं. मला वाईट वाटलं. मी कॉलिनला आभाराचं पत्र लिहायला घेतलं. 'आजच्या समारंभाबद्दल मी आपला अत्यंत ऋणी' एवढं झालं होतं तोच लाल सिग्नल लागला आणि मंजिरीने वाकून ते वाचलं.

"खोड ते," ती म्हणाली.

मी खोडलं. आणि काय झालं कोणास ठाऊक, दुसऱ्या दिवशीच्या दाढीची वाट न बघता एक वाक्य तिथल्या तिथे सुचलं. मी ते लिहिलं: 'कॉलिन, तुझ्या स्लाइड्स अगदी तुझ्या ऑपरेशनसारख्या होत्या. सांगितलं होतंस त्याच्या दुप्पट वेळ लागला, पण पेशंट वाचला.' विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

सिग्नल हिरवा झाला. ग्रुपवर सामसूम. एक चौक गेला, दुसरा गेला. हरीश कसा उठून गेला होता ते मला आठवायला लागलं. मंजिरी म्हणाली, "आलं का काही?" मी नाही म्हणालो. 

मग एकदम हसरे चेहरे कोसळायला लागले, एकाखाली एक, फिओनाचे, सिस्टरांचे, पोर्टरचे. आणि त्यांच्या खाली कॉलिनने लिहिलं होतं, 'इतकी वर्षं कुठे होतास, जयंत?'